मिस्तरणीचा ठिय्या

सिमेंटनं बुधाचे हात खाल्ले होते. आधी पेरांना बारीक भोकं पडली, मग तळवा फाटला, मग नखांच्या कडेनं पाणी यायला लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं लांबूनच बघितलं न म्हणाला, सिमेंट सोड. सोडून काय धरायचं, ते त्याच्या खात्यात येत नव्हतं.

सकाळी पत्र्याच्या खोलीत भागी त्याच्या हातांना करंजाचं तेल लावायची. वरनं दुधाच्या रिकाम्या पिशव्या चढवून मनगटाला सुतळी बांधायची. पिशव्यांवर मोजे. बघणाऱ्याला वाटावं, गडी शहाणा झाला, हात जपतो.

"लय आवळू नको," बुधा म्हणायचा.

"सैल सोडली तर पाणी जाईल आत."

"जाऊ दे. आता काय राह्यलाय खायाला."

अंबडच्या कारखान्यांच्या मागं, जिथं पूर्वी द्राक्षाचे मांडव होते, तिथं दोन इमारती वर चढत होत्या. एकीत प्लास्टर चालू होतं, दुसरीचा नुसता सांगाडा. मजुरांचा ठेका सटाण्याच्या धनराजकडं. त्यानं माणसं कशी वाटून घेतलीत ते कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. सुरगाणा-पेठकडची माणसं ओझ्याला. मालेगावची न बिहारची थापीला. बाई कुठलीही असो, घमेल्याला. बाईच्या हातात थापी गेली तर काय होईल, असा प्रश्न तिथं कधी निघाला नव्हता. म्हशीनं ट्रॅक्टर चालवला तर काय होईल, असंही कुणी विचारत नाही.

बुधा त्या वाटणीतनं निसटलेला एकटा. सुरगाण्याच्या डोंगरातला, तरी मिस्तरी. दुसऱ्यांचा माल कालवत, जेवणाच्या सुट्टीत आडबाजूच्या भिंतीवर हात बसवत त्यानं थापी मिळवलेली. तेवढ्यात त्याचं तरुणपण गेलं. पण मिस्तरी झाला म्हणून त्याला खोली होती. बिगाऱ्यांना ताडपत्री. आणि मिस्तरीची बायको म्हणून भागीला नाव होतं, मिस्तरीण. डोक्यावर घमेलं तेच, हाजरी न रोज बाईचाच, पण नळावर बाया म्हणायच्या, मिस्तरणीला भरू द्या आधी.

"तलाठ्याची तलाठीण, तशी तू," लताबाई म्हणायची. "सही कर बरं कुठं तरी."

लताबाई जवळच्याच वस्तीतली, बौद्धवाड्यातनं रोज चालत यायची. नवरा गेल्यापासून अंगावर घमेलं न जिभेवर धार. भागीचं गुपित तिला एकटीला माहीत होतं.

गुपित असं, की गेल्या थंडीपासून बुधाच्या भिंती भागी करत होती.

बुधानं धनराजकडं बारकी कामं मागून घेतलेली, संडास-बाथरूम. ती दुसऱ्या मिस्तऱ्यांना नकोच असतात. वारा नाही, थापी फिरवायला जागा नाही. आत भागी, उंबऱ्यात बुधा, जिन्यावर लताबाई. कुणी वर यायला लागलं की लताबाई घमेलं कठड्यावर आपटायची न ओरडायची, "सरका गं, माल येतोय." की भागी थापी बुधाच्या मोज्यात कोंबायची न खाली बसून माल ढवळायला लागायची.

चैत्राचं ऊन होतं. बाथरूमच्या बिनपत्र्याच्या खिडकीतनं धग आत यायची. भागीच्या मानेचा मणका घमेल्यांनी आधीच बसलेला, आता खांदाही धरायला लागला होता.

"वळंबा सोड," बुधा उंबऱ्यातनं म्हणायचा. "डोळ्यावर जाऊ नको. डोळा खोटा बोलतो."

भागी ओळंब्याची दोरी सोडायची. मग ठिय्ये. भिंतीवर चार जागी मालाचा गोळा न त्यात फरशीचा तुकडा बसवायचा, चारी एका रेषेत. पुढं सगळं प्लास्टर त्या ठिय्यांच्या बरोबरीनं चढतं. ठिय्या चुकला तर भिंत चुकली.

"त्या मोठ्या हॉलला ठिय्ये दिसतात न भिंत रिकामीच. कोणाची हाय?" भागीनं एकदा विचारलं.

"हनीफची. तो मालेगावला गेलाय, पोरीच्या साखरपुड्याला."

"मग दुसरा भरंल की."

"नाय भरत. एका मिस्तरीनं ठिय्या लावला का दुसरा हात लावत नाय. उद्या भिंत फुगली तर कोणाच्या नावानं शिव्या? येईल न भरंल."

भागीनं माल घेतला. थापीनं माल फेकला. तो भिंतीला चप्पकन बसला. त्या आवाजाची तिला सवय लागली होती. आवडही लागली होती, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

*

कंपनीची मॅडम आली ती वैशाखाच्या तोंडाला. तेजल तिचं नाव. वयानं पोरसवदा, डोक्यावर पांढरं हेल्मेट, त्यात केस मावत नव्हते. बिल्डर कंपनीच्या मोठ्या हापिसातनं तिला काम दिलेलं, की आपल्या साईटींवर बायकांना, आदिवासींना, सगळ्यांना बरोबरीनं घेतलं जातं का ते बघून ये. सुपरवायझरनं तिला सरबत दिलं. तिनं अर्धंच प्यायलं, कारण संडास कुठंय ते विचारल्यावर त्यानं मान खाली घातली होती.

"हे आमचं डायव्हर्सिटीचं काम आहे," ती बायांना म्हणाली.

"कुठंशी आली ही सिटी?" लताबाईनं विचारलं. "पाथर्डी फाट्याच्या पुढं?"

बाया हसल्या. तेजलही हसली, पण तिला नीट कळलं नव्हतं.

मग तिनं धनराजला विचारलं, "भाऊ, तुमच्याकडे बायका फक्त ओझं उचलतात, की गवंडीकामही करतात? मिस्तरीण आहे का एखादी?"

धनराज फोनवर वाळूवाल्याशी भांडत होता. फोन छातीला लावून म्हणाला, "एखादी? भरपूर शेतीस. हाई काय, समोरच उभ्या शेतीस. जितला मिस्तरी तितल्या मिस्तरणी."

"खरंच?"

"खोटं कसाले बोलू मॅडम. खोल्या देल्या शे त्यासले."

तेजलचे डोळे भरून आले की काय, असं लताबाईला वाटलं. तिनं भराभर फोनवर लिहून घेतलं न मोठ्या हापिसाला धाडलं. मिस्तरीण म्हणजे मिस्तरीची बायको, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मिस्तरीण म्हणजे थापी धरणारी बाई असंही असू शकतं, हे धनराजच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. दोघंही खरंच बोलले होते. ह्या राज्यात अशा खरेपणावर लय कारभार चालतो.

आठवडा गेला न धनराजला फोन आला. पुण्याहून मोठ्या बाई येणार, महिला मिस्तऱ्यांना भेटायला.

धनराजनं कपाळ धरलं. सुपरवायझर म्हणाला, "नाही म्हणून सांग." धनराज म्हणाला, "आते नही सांगू, ते पुढली बिल्डिंग जाई दुसराकडे." मग त्याला वाट सुचली. त्यानं मिस्तऱ्यांच्या बायका गोळा केल्या.

"आयका. तुमले काहीच करनं नही. नव्या थाप्या देसू. भिंत झायेली ऱ्हाई. तिच्यावर नुसता हात फिरवा, लिपता ना घरमा, तसा. हासा. फोटू काढतीन न चालना जातीन."

"न विचारलं तर?" एकीनं विचारलं.

"हा म्हना. काहीबी विचारू द्या, हा म्हना."

भागी मागं उभी होती. तिच्या नखांत सिमेंट होतं. पण घमेलं उचलणाऱ्या बाईच्याही नखांत सिमेंट असतं, त्यामुळं कुणाला वेगळं काही दिसलं नाही.

*

पाहुण्या आल्या त्या दिवशी साईटवर निळ्या प्लास्टिकचा संडास आला. ट्रकमधनं उतरवला न गेटाशी उभा केला. दाराला कुलूप. चावी सुपरवायझरकडं. बाया त्याच्याकडं बघत पुढं गेल्या. दिवसभर न मुतता राहायची त्यांना सवय होती, पाणीच कमी प्यायचं.

दाखवायला तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम निवडलेलं, कारण तिथलं प्लास्टर साफ होतं. भागीला गुलाबी हेल्मेट दिलं न त्या भिंतीपुढं उभं केलं. हातात नवी थापी, तिच्यावरचा चिकटपट्टीचा कागदही निघाला नव्हता.

भागीनं भिंत ओळखली. खालच्या कोपऱ्यात पट्टी ओढताना तिचा अंगठा लागलेला, तो वळ तसाच होता. तिनंच केलेली भिंत होती. आता तिच्यापुढं उभं राहून ती केल्याचं सोंग तिला करायचं होतं.

पुण्याच्या बाई चांगल्या होत्या. मागं तेजल, तिच्या मागं धनराज, जिन्यात मिस्तरी दाटलेले. हनीफ पुढं होता. मालेगावचे माग बंद पडले तेव्हा थापी धरलेला माणूस, हात सगळ्यात साफ.

"ही भिंत तुम्ही केली?" बाईंनी विचारलं.

"हो," भागी म्हणाली.

धनराजनं समाधानानं मान हलवली. बाई बरोबर खोटं बोलली, असं त्याला वाटलं.

"कुणी शिकवलं?"

"ह्यांनी." भागीनं बुधाकडं बघितलं. बुधानं हात पाठीमागं नेले.

"थोडं करून दाखवता का? प्लीज. मला बघायचंय."

धनराजचा चेहरा उतरला. "मॅडम, माल नही कालवेल आते, टाईम लागी, चहा..."

"हाय की माल," लताबाई दारातनं म्हणाली. तिच्या डोक्यावर घमेलं होतं. ती मुद्दाम घेऊन उभी होती का, ते तिचं तिलाच माहीत.

भागीला तेव्हा नाही म्हणता आलं असतं. हसून तोंडाला पदर लावला असता तर सगळे हसले असते न बाई पुढं गेल्या असत्या. खोली राहिली असती, बुधाची हाजरी राहिली असती. तिनं बुधाकडं बघितलं. बुधा खाली बघत होता. मग हळूच म्हणाला, "पाणी मार आधी भिंतीला. तापलीय."

तिनं नवी थापी खाली ठेवली न दाराआडची जुनी उचलली. पॅसेजच्या कोऱ्या विटांना पाणी मारलं. माल घेतला, फेकला. चप्प. परत. चप्प. दोन हातांत मावेल एवढी भिंत भरली, पट्टी ओढली, लाकडी रंधा गोल फिरवला. बांगड्या वर सरकवायची तिची पद्धत होती, ती लोकांपुढं पहिल्यांदा दिसली.

पुण्याच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. तेजलनं फोटो काढले. जिन्यातल्या मिस्तऱ्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते भिंतीकडं बघत होते. हनीफनं पुढं होऊन ओल्या प्लास्टरच्या कडेवरनं बोट फिरवलं न तो खाली गेला.

धनराज भिंतीकडं बघत नव्हता. तो बुधाच्या मोज्यांकडं बघत होता.

*

गाड्या गेल्या. संडास ट्रकवर परत चढला. दिवेलागणीच्या आधी धनराज खोलीवर आला. बुधा बाजेवर बसला होता. धनराजनं त्याचा हात धरला, मोजा ओढला, पिशवी ओढली. सुतळी कातड्याला चिकटलेली, ती तशीच ओढली. बुधा ओरडला नाही. मजुरांच्या कॅम्पातली माणसं दाराशी जमली होती.

"हाई थापी धरनारा हात शे?" धनराज सगळ्यांना म्हणाला. "मना डोळामा धूळ फेकी राह्यना."

"भिंती वाकड्या हायेत का?" भागीनं विचारलं.

"भिंतीना प्रश्न नही."

"मग कसला हाय?"

"हाजरी मिस्तरीनी घेतस, न काम करस बाई. हाई चोरी शे." त्यानं हात सोडला. "खोली मिस्तरीले मिळस. मिस्तरीच नही ऱ्हायना, मंग तू कशानी मिस्तरीण?"

 शब्दाच्या हिशेबानं धनराज बरोबर होता. भिंत कुणी का उभी करीना, बाईचं नाव नवऱ्याच्या हाताला लोंबकळत होतं, न तो हात गेला होता.

जाता जाता धनराज दारात थांबला. राग उतरला होता, डोकं चालायला लागलं होतं.

"हाई आयक. सकाळपासून बुधा बिगारी. तू सँपल फ्लॅटना हॉल भर. उद्या व्हवाले पाहिजे तो, परवा फरशीवाला येस. खोली राहू दे. हाजरी मात्र बाईनी."

"काम मिस्तरीचा न हाजरी बाईची?"

"मंग तू कोन शे? बाईच शे ना."

तो गेला. भागीनं बुधाच्या हाताला तेल लावलं. सुतळीनं काढलेला पट्टा लालभडक होता.

"घे," बुधा म्हणाला. "खोली ऱ्हाते. ताडपत्रीखाली ह्या उन्हात माझे हात..."

भागी चूल पेटवत होती तेव्हा हनीफ आला. दाराबाहेरच उकिडवा बसला. आत बघितलं नाही.

"भाभी, हात अच्छा है तुमचा. झूठ नाय बोलत. पण तुम्ही बाईच्या हाजरीत भिंत भरली ना, तर परवा धनराज मला म्हणंल, हनीफ, तूबी त्याच भावात कर. माझ्या घरात खाणारी तोंडं हायेत. तुम्ही आमच्या पोटावर पाय देताय."

"मी देते का तो देतो?"

"पाय तुमचा राहील ना, भाभी."

"मग त्याला जाऊन सांग, हिला मिस्तरीची हाजरी लाव."

हनीफनं मातीत काडीनं रेघ ओढली, पुसली. "बाईला मिस्तरीची हाजरी," तो म्हणाला न हसला. वाईट हसला नाही. त्याला खरंच ते ऐकायला चमत्कारिक वाटलं. "लोक मला काय म्हणतील." मग उठून गेला.

दुपारपासून भागीनं पाणी प्यायलं नव्हतं. आता तांब्याभर प्यायली. तिला राग आला होता का, तर तेही धड नाही. अंग इतकं ठणकत होतं, की रागाला जागाच उरली नव्हती.

*

सकाळी गेटावर रातोरात छापलेला मोठा फलक लागलेला. गुलाबी हेल्मेटमधली भागी, हातात थापी. खाली छापलेलं, "आमच्या महिला मिस्त्री". खालून धनराज हाजरी बोलत होता. "बुधा, बिगारी. भागी, बाई."

बुधानं फडक्याची चुंबळ केली न डोक्यावर ठेवली. लताबाईनं ती काढून नीट गुंडाळून परत ठेवली. "अशी ठेव. नायतर टाळू सोलते. आता तुला हे पण शिकवायचं का."

सँपल फ्लॅटचा हॉल दुसऱ्या मजल्यावर. भागीनं भिंतीला पाणी मारलं. ओळंबा सोडला. वरचे दोन ठिय्ये लावले, खालचे दोन लावले, दोरी ताणून परत बघितलं. एक केसभर पुढं होता. काढून परत लावला. तोवर बुधानं माल आणून ओतला, दोन्ही पिशव्यांच्या हातांनी घमेलं धरून.

मग भागीनं थापी पाण्यात धुतली, पुसली न भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"काय झालं?" बुधानं विचारलं.

"ठिय्ये लावलेत. हाजरी मिस्तरीची लागली का भरते."

"अगं, खोली..."

"खोली जाईल." तिनं डोळे मिटले. "तू बस, नायतर आण माल. तुझी मर्जी."

बुधानं चुंबळ सारखी केली. मग रिकामं घमेलं उचलून खाली गेला न भरून परत आला. माल भिंतीशी ओतला. परत गेला.

धनराज आला तेव्हा मालाचा ढीग झालेला. वरून साय धरावी तशी करडी खपली चढायला लागलेली. उन्हात माल लवकर मरतो, मग भिंतीला धरत नाही.

"ऊठ."

भागी उठली नाही.

"ऊठ नं माय. फरशीवाला येस उद्या." मग आवाज चढला. "नको उठू. मिस्तरीसना दुकाळ नही. हनीफ! ओ हनीफ!"

हनीफ पलीकडच्या खोलीतनं आला. हातात थापी होतीच.

"हाई भिंत भरी टाक. माल तयार शे."

हनीफ पुढं झाला. मालाच्या ढिगात थापी घातली. मग भिंतीकडं बघितलं. डावीकडनं उजवीकडं, वरनं खाली, चारी ठिय्ये. डोळा बारीक करून रेष धरली. थापीवरचा माल तसाच ढिगात परत सोडला.

"भर ना. काय बघी ऱ्हायना?"

"नाय जमणार, भाऊ," हनीफ म्हणाला. "दुसऱ्या मिस्तरीचा ठिय्या हाय."

तो सवयीनं बोलून गेला. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं, कारण त्यानं वळून भागीकडं बघितलं. पण शब्द मागं घेतला नाही. थापी झटकली न दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या मागं दुसरे दोन मिस्तरी येऊन थांबले होते. तेही आत आले नाहीत.

लताबाईनं बोटानं माल दाबून बघितला. "मरतोय गं हा."

"मरू दे," भागी म्हणाली.

धनराजला घाम फुटला होता. कुणावर ओरडावं ते त्याला ठरवता येईना. हनीफकडं बघितलं, मालाकडं बघितलं, शेवटी भिंतीशी बसलेल्या बाईवर हात उगारल्यासारखा करून तो ओरडला, "ए मिस्तरीण! आयकू येस का नही तुले? ए मिस्तरीण!"

जिन्यातनं बुधा वर आला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेलं घमेलं, कडेला धरलेले दोन पांढरे फुगीर हात. तो उंबऱ्यात थांबला. ओझ्याखाली मान वळवता येत नाही, म्हणून त्यानं सगळं अंगच धनराजकडं वळवलं.

"काय, भाऊ?" तो म्हणाला. "मिस्तरीण आता मीच की. कशाला बोलावलंत?"